फॉरमॅट मारला की झालं?

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि जुने लॅपटॉप कपाटाबाहेर आले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती नसली की धडधाकट मशीनही विक्रीला निघतं. इंदूरात त्यांची वाट आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉल या कॉम्प्युटर बाजाराकडे जाते. रामबाग असो की सुदामानगर, निघताना प्रत्येकाचं म्हणणं एकच: "फॉरमॅट मारलाय, आता काय राहतंय त्यात!"

फिरत्या हार्ड डिस्कवर बरंच काही राहतं. विंडोज प्रत्येक फाइलची नोंद एका तक्त्यात ठेवतं. डिलीट केलं की त्या नोंदीवर 'जागा मोकळी' एवढाच शेरा पडतो. क्विक फॉरमॅट नवा कोरा तक्ता मांडतो. खालचा मजकूर जिथल्या तिथे. पुसलेल्या फाइली परत काढणारं फोटोरेकसारखं फुकट सॉफ्टवेअर तक्ता बघतच नाही. ते डिस्क ओळीनं वाचत जातं, आणि 'एफएफ डी८ एफएफ' हे तीन बाइट दिसले की समजतं, इथून जेपीईजी फोटो सुरू.

उपाय सोपा आहे: सगळ्या डिस्कवर एकदा शून्यं लिहा. '३५ वेळा पुसणारं' सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. ३५ हा आकडा संगणक-सुरक्षेचे अभ्यासक पीटर गुटमन यांच्या १९९६च्या निबंधातला, तोही तेव्हाच्या वेगवेगळ्या डिस्कांसाठी मिळून. लोक त्याचा भुतं पळवायच्या मंत्रासारखा जप करतात, असं पुढे खुद्द गुटमननीच लिहिलं.

एसएसडीची, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपवर मजकूर ठेवणाऱ्या ड्राइव्हची गोष्ट वेगळी, आणि मला विचाराल तर जास्त सुंदर. तिथे एक बिट म्हणजे ऑक्साइडच्या इन्सुलेशनमध्ये कोंडलेले थोडे इलेक्ट्रॉन. वीज गेली तरी ते वर्षानुवर्षं बाहेर पडत नाहीत. त्यांना काढायला साधारण २० व्होल्टचा दाब द्यावा लागतो. मग क्वांटम टनेलिंगनं ते इन्सुलेशन पार करतात. पण हा दाब सिलिकॉनच्या ज्या तळातून द्यायचा, तो शेकडो 'पेजेस'ना, म्हणजे मजकुराच्या छोट्या कप्प्यांना, सामाईक. त्यामुळे लिहिणं एकेका पेजवर जमतं, पुसायचा मात्र त्या पेजेसचा अख्खा 'ब्लॉक'. जणू एक बिऱ्हाड काढायचं तर सगळा वाडा रिकामा करायचा आणि उरलेल्या भाडेकरूंना दुसऱ्या वाड्यात हलवायचं.

हा खटाटोप दर वेळी परवडत नाही, शिवाय प्रत्येक पुसण्यानं इन्सुलेशन थोडं झिजतं. म्हणून कंट्रोलर, म्हणजे एसएसडीचा कारभार बघणारी चिप, पळवाट काढतो. तुम्ही फाइलवर शून्यं लिहायला सांगितली, तर तो ती भलत्याच कोऱ्या पेजवर लिहितो, पत्ता बदलतो आणि जुनं पेज 'रद्द' ठरवतो. फाइल डिलीट केल्यावर विंडोज पाठवतं ती ट्रिम ही आज्ञाही एवढंच कळवते की अमुक पेजेस नकोत. ती पुसायची कधी, हे कंट्रोलरच ठरवतो. त्यात ड्राइव्ह थोडी जागा राखीव ठेवतो, ती विंडोजला दिसतच नाही. तिथला मजकूर दुकानातल्या सॉफ्टवेअरला सापडणार नाही. चिप उखडून थेट वाचणाऱ्याला सापडू शकतो. आणि एसएसडीवर लोहचुंबक फिरवणाऱ्यांनी तो फ्रिजवर लावावा. इथे चुंबकीय काहीच नाही.

इथे पुसण्याचं काम ड्राइव्हवरच सोपवावं. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगमध्ये) किंवा ड्राइव्हच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सिक्युअर इरेज' असतं. ते राखीव जागेलाही हात घालतं. बिटलॉकर, म्हणजे सगळा मजकूर सांकेतिक करणारी विंडोजची सोय, पहिल्या दिवसापासून चालू असेल तर आणखी सोपं: चिपवर जे आहे ते सगळं कुलूपबंद, किल्ली नष्ट केली की उरतो निव्वळ गोंगाट. विकायच्या आदल्या रात्री बिटलॉकर लावलं तर आधीच्या उघड्या प्रती राखीव जागेत राहू शकतात.

यातलं काही नसेल तर 'रिसेट धिस पीसी'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून 'क्लीन डेटा' चालू करा. घरगुती व्यवहाराला तेवढं पुरतं. बॅकअप अर्थात आधी घ्यायचा. आणि दुकानदार विंडोजच्या परवान्याचे वेगळे पैसे कापू लागला तर देऊ नका: कंपनीकडून विंडोजसकट आलेल्या बहुतेक लॅपटॉपांत तो मदरबोर्डाशी जोडलेला असतो, रिसेटनंतर इंटरनेट मिळालं की आपोआप लागू होतो.