चिठ्ठीआधीचं बोलणं

"लेटर कधी मिळेल?" लिंगबदलाच्या वाटेवर निघालेली व्यक्ती समुपदेशकासमोर बसली की बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच असतो. लेटर म्हणजे हार्मोन किंवा शस्त्रक्रियेसाठी लागणारी मानसतज्ज्ञाची शिफारसचिठ्ठी. झोप लागत नाही, घरी अबोला आहे, हार्मोन सुरू केल्यापासून उगाच रडू येतं, हे सगळं नंतर. कधी कधी ते निघतच नाही, कारण लेटर मिळालं की माणूस परत येत नाही. माझ्या ओळखीची एक मुलगी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईच्या डॉक्टरकडे जायची आणि कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत मनाशी उत्तरं घोकायची. लहानपणी खेळणी कोणती आवडायची? आरशात बघून काय वाटतं? तोंडी परीक्षाच ती. मन मोकळं करायची खोली परीक्षेची खोली कधी झाली, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

डॉक्टर नव्हते तेव्हाची व्यवस्था आपल्या नाशिक जिल्ह्यात आजही डोळ्यांनी दिसते. कोजागरीला सप्तशृंगी गडावर ठिकठिकाणचे तृतीयपंथी जमतात, छबिना निघतो. घर सुटलेल्याला गुरू-चेल्याच्या नात्यात दुसरं घर मिळायचं. शरीर बदलायचं ठरलं तर 'निर्वाण' व्हायचं, म्हणजे पुरुषाचं लिंग काढून टाकायचं, तेही समाजातल्याच दाईच्या हातून. त्यानंतरचे चाळीस दिवस बाळंतिणीसारखे. खोलीबाहेर पडायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, आरशात बघायचं नाही. शेवटी हळद, मेंदी, नवरीचा साज. भूल नाही, टाके नाहीत, जीव गेला तर विचारणारं कुणी नाही; त्या प्रकाराचे गोडवे गायचं काहीच कारण नाही. गुरूचा शब्द मोडला तर दंड भरावा लागे, तोही चुकत नसे. आणि ट्रान्स पुरुषांसाठी, म्हणजे मुलगी म्हणून वाढवलेल्या पुरुषांसाठी, तर असं दुसरं घरही नव्हतं. तरी ते चाळीस दिवस कुणीतरी उशाशी बसलेलं असे. ऑपरेशननंतर डिस्चार्ज घेऊन लॉजवर एकट्याच परतणाऱ्या मुलीला आज ते मिळेलच असं नाही.

दवाखान्यातली गोष्ट सुरू होते बर्लिनमध्ये. माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरने १९१९ मध्ये तिथे लैंगिकतेच्या अभ्यासाची संस्था काढली. सल्ला, उपचार, पुढे शस्त्रक्रियाही तिथे होऊ लागल्या. मे १९३३ मध्ये नाझी विद्यार्थ्यांनी संस्था लुटली आणि तिथली पुस्तकं भर चौकात जाळली. पुढचा धागा हॅरी बेंजामिन या न्यूयॉर्कमधल्या, मूळच्या जर्मन डॉक्टरने धरला. त्याचं म्हणणं सरळ होतं: बोलून बोलून मन बदलत नाही, तेव्हा शरीर मनाजोगतं करू. त्याचं पुस्तक १९६६ मध्ये आलं आणि एक गंमत झाली. उपचार हवे असलेल्यांनी ते वाचलं आणि डॉक्टरांना त्यातलीच कहाणी सांगायला सुरुवात केली. सगळ्यांचं बालपण एकसारखं! डॉक्टरांच्याही ते हळूहळू लक्षात आलं. पण ज्याच्या सहीवर सगळं अडलंय त्याला दुसरं कोण काय सांगणार?

१९७९ मध्ये बेंजामिनच्या नावाच्या संघटनेने उपचारांची पहिली नियमावली काढली आणि मानसतज्ज्ञाची शिफारस हा त्यातला टोलनाका झाला. पुढे संघटनेचं नावही बदललं आणि नियमही सैलावले. २०११ च्या सातव्या आवृत्तीने मानसोपचाराची सक्ती काढली, जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेसाठी दोन लेटर मात्र ठेवली. २०२२ च्या आठव्या आवृत्तीत दोनाचं एक झालं. आपल्याकडचे अनेक सर्जन अजून दोनच मागतात.

मधल्या काळात आजाराचं नावही पालटत गेलं. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत लिंगओळख आणि शरीर यांतल्या विसंगतीची नोंद 'विकार' म्हणून झाली. २०१३ मध्ये 'विकार' हा शब्द गेला आणि या विसंगतीतून होणारा त्रास तेवढा उरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या यादीत हा विषय मनोविकारांतून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. या बदलाच्या बाजूने पुढे आलेला एक अभ्यास मेक्सिको सिटीतला, २०१६ चा. अडीचशे ट्रान्सजेंडर व्यक्तींशी बोलून तज्ज्ञांनी पाहिलं, तर मनाच्या त्रासाचं नातं लिंगओळखीपेक्षा नाकारलं जाण्याशी आणि मारहाणीशी जास्त घट्ट होतं. घरच्यांनी दार लावलं म्हणून रात्र बसस्टँडवर काढलेल्या कुणालाही हे सांगायला अभ्यास लागला नसता, पण याद्या अभ्यासानेच बदलतात.

भारतात १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचं लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा ठरवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांत लिंगावरून भेदभाव करायला मनाई केली. २०१९ च्या ट्रान्सजेंडर हक्क कायद्याच्या कलम १५ मध्ये हार्मोन आणि शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतरही समुपदेशन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. त्यातला 'नंतर' हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने लिंगओळख किंवा लैंगिक कल बदलू पाहणारे, 'सरळ करून देतो' छापाचे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं जाहीर केलं.

पुस्तकांचं मात्र वेगळंच. राज्यभरातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकातच, म्हसरूळला आहे. ज्या पुस्तकांवर डॉक्टरांच्या पिढ्या पास झाल्या, त्यांत हा विषय न्यायवैद्यकाच्या 'विकृती'त होता. आयोगाने २०२१ मध्ये असा मजकूर टाळायला सांगितलं. तरी ऑगस्ट २०२४ च्या अभ्यासक्रमात समलैंगिकतेबद्दलची जुनी भाषा पुन्हा उगवली आणि आठवड्याच्या आत मागे घ्यावी लागली.

आता लेटरपलीकडचं काम. हार्मोन म्हणजे दुसऱ्यांदा वयात येणं. पंचविशीत, नोकरी सांभाळून. आवाज कधी बदलणार, सोसायटीच्या वॉचमनला काय सांगायचं, आधारवर नाव एक आणि दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, बहिणीच्या लग्नात फोटोत उभं राहायचं की नाही, याच गोष्टी तासभर निघतात. घाटात उत्तरं घोकणारी ती मुलगी लेटर मिळाल्यावरही जात राहिली, आता महिन्यातून एकदा. परवा विचारलं, काय बोलतेस गं तिथे? म्हणाली, "आईचं. अजून जुन्याच नावाने हाक मारते. पण हल्ली अर्ध्यावर थांबते."