बधिर करायच्या सुईनं नस मरत नाही

परवा परभणीला मावशीकडं गेलो होतो, तिचं गर्भपिशवीच्या बाजूची गाठ बघायला दुर्बिणीचं छोटं ऑपरेशन झालेलं. मावशी म्हणली, "टाक्याच्या जागी तर काहीच कळंना अन् दुखतंय खांदा, हे कामून?" शेजारची आजी लगेच म्हणली, "बधिरची सुई देली ना, तिनं नस मरती, मंग जल्मभर तसंच."

नस मरत नाही. तेच सांगायचंय.

टाके घालताना कापलेल्या जागी डॉक्टर बहुतेक वेळा बुपिवाकेन नाहीतर लिग्नोकेन ही बधिर करायची औषधं सोडतात. वेदनेचा निरोप नसेतून विजेसारखा पुढं सरकतो, त्यासाठी नसेच्या भिंतीतली बारीक दारं उघडून बाहेरचं सोडियम आत घुसावं लागतं. औषधाला हेच दार बंद करायचंय, पण त्याची कडी आतल्या बाजूला! आणि नसेची भिंत चरबीची, विद्युतभार असलेला रेणू तिच्यातून सहजी जात नाही. मग औषध काय करतं, तर ते दोन रूपांत असतं, भार असलेलं आणि नसलेलं, शरीराच्या ७.४ पीएचला (पीएच म्हणजे आंबटपणा मोजायचं माप, आकडा कमी तितकं आंबट) बुपिवाकेनचा साधारण सहातला एक रेणू बिनभाराचा असतो, तो भिंतीतून आत शिरतो, आत गेला की एक प्रोटॉन, म्हणजे धनभाराचा बारीक कण, उचलून परत भारवाला होतो आणि आतून दारात अडकून बसतो. मला हे जेव्हा पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस तेच डोक्यात होतं. गळू झालेल्या जागी सुई नीट का लागत नाही त्याचंही उत्तर इथंच आहे, पू झालेली जागा आंबट म्हणजे आम्लधर्मी असते, तिथं बिनभाराचे रेणू आणखी कमी होतात, मग आत जाणार कोण?

पुढं रक्त हळूहळू औषध वाहून नेतं, दारं मोकळी होतात, नस होती तशी. लिग्नोकेन तास-दोन तास टिकतं, बुपिवाकेन चार ते आठ.

आता खांदा. दुर्बीण घालायला पोट कार्बन डायऑक्साइडनं फुगवतात, त्यातला थोडा आत राहतो आणि वर श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला, चुरचुर करतो. त्या पटलाची नस मानेतून निघते, खांद्याच्या कातडीच्या नसाही तिथूनच, म्हणून मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. टाक्यातली सुई तिथवर पोचतच नाही. गॅस रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो, एक-दोन दिवसांत बहुतेकींचं थांबतं. आजी म्हणत होती बिब्ब्याचा चटका द्या, गॅस उतरतो. कृपा करून कुणी देऊ नका, बिब्ब्यानं कातडी भाजून फोड येतात आणि गॅसला काही होत नाही. खांदा थांबलाच नाही, ताप आला, पोट फुगत चाललं किंवा दम लागला तर तडक दवाखाना गाठायचा.

मावशीला दुपारी दोनला बुपिवाकेनची सुई दिलेली. रात्री आठ-नऊला टाके ठणकायला लागणार हे धरून, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मी तिला सातलाच जेवणासंगं घ्यायला लावली. "दुखत नाही तर गोळी कशाला," म्हणून कुरकुरली, पण घेतली.