बिनड्रायव्हरची मेट्रो आली कुठनं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमच्या मशीन शॉपमध्ये चहाला बसलं की विषय कुठनं कुठं जाईल सांगता येत नाही. आमचा एक ऑपरेटर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन आला, तिथं जमिनीखालच्या मेट्रोत बसला आणि आल्यापासनं त्याचं एकच, "त्या गाड्या उद्या बिनड्रायव्हरच्या करणार म्हणं, मी नाही बसणार बाबा." म्हटलं भावा, तू दिवसभर काय करतोस? सीएनसीत, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनमध्ये, कापायचा जॉब बांधतोस, दार लावतोस, हिरवं बटण दाबतोस आणि पुढचं सगळं मशीन बघतंय. लंडन मेट्रोच्या व्हिक्टोरिया लाइनवर १९६८ पासनं हेच चाललंय. ड्रायव्हर केबिनमध्ये असतोय पण त्यानं फक्त दारं लावायची आणि दोन बटणं एकदम दाबायची, स्पीड घेणं, ब्रेक मारणं, पुढच्या स्टेशनात बरोबर जागेवर थांबणं हे गाडी स्वतःच करते. सुरुवातीच्या त्या गाड्या तर रुळातनं सोडलेले विजेचे ठोके मोजून किती स्पीडनं जायचं ते ठरवायच्या, कॉम्प्युटरचा पत्ता नाही.

मुळात जमिनीखाली पहिली रेल्वे धावली १८६३ ला लंडनमध्येच, ती पण कोळशाच्या इंजिनावर, म्हणजे बोगद्यात धूर किती होत असेल विचार करा. खोल बोगद्यात तसली गाडी घालणं शक्यच नव्हतं, म्हणून १८९० ला तिथंच विजेची लाइन आली. पण माझ्या मते खरी मेख आहे ती शिकागोत. १८९७ च्या सुमारास फ्रँक स्प्रेग नावाच्या इंजिनिअरनं पुढं एक मोठं इंजिन लावायच्या ऐवजी डब्याडब्याखाली मोटारी बसवल्या आणि त्या सगळ्या एकाच हँडलवरनं चालवून दाखवल्या. हँडलमधनं जातोय तो नुसता छोटा कंट्रोलचा करंट, मोठं काम डब्याखालच्या मोठ्या स्विचांचं. आता जे काम हँडल हलवून होतंय ते रिलेनं, म्हणजे विजेनं आपोआप चालणाऱ्या स्विचनं, पण होणारच की! ड्रायव्हरची गरज कमी व्हायला तिथनंच सुरुवात झाली, त्याला कळायच्या आधीच.

बिनमाणसाच्या गाड्या पहिल्यांदा मिळाल्या त्या टपालाला. १९२७ ला लंडनच्या पोस्टानं जमिनीखाली साधारण साडेदहा किलोमीटरची छोटी रेल्वे काढली, वर कोणी नाही, नुसत्या पत्रांच्या थैल्या, आणि ती २००३ पर्यंत चालली. थैल्यांना काय भीती.

माणसं बसवायची म्हटल्यावर मात्र गाडं अडलं. न्यूयॉर्कनं १९६२ ला टाइम्स स्क्वेअर ते ग्रँड सेंट्रल एवढ्याशा टप्प्यात ऑटोमॅटिक गाडी चालवली, युनियनच्या दबावामुळं मोटरमनला आत बसवूनच ठेवला, आणि १९६४ ला आगीत ती गाडी जळाली तिथं प्रयोग संपला. १९७२ ला सॅन फ्रान्सिस्कोकडची बार्ट नावाची मेट्रो सुरू होऊन महिना पण झाला नव्हता, तोवर कंट्रोलच्या सर्किटमधल्या एका क्रिस्टलच्या बिघाडानं गाडीला हळू जा चा सिग्नल जोरात जा असा कळला आणि ती शेवटच्या स्टेशनाच्या पुढं जाऊन पार्किंगकडं घुसली. नशीब कोणी मेलं नाही. लोक म्हणाले बघा, यंत्राचा भरवसा नाही. पण तीनच वर्षांनी लंडनच्या मूरगेटला ड्रायव्हरनं ब्रेकच मारला नाही, गाडी बोगद्याच्या बंद टोकाला धडकली, ४३ जण गेले, आणि त्यानं असं का केलं ते कधीच कळलं नाही. मग भरवसा कुणाचा धरायचा?

गंमत म्हणजे गाडी पळवणं हे सोपं निघालं, अवघड होतं ते दार. कोल्हापुरात केएमटीच्या सिटी बसमध्ये कंडक्टर मागं बघून डबल बेल देतोय ना, कोण लटकलंय, कुणाचा पाय अजून खाली आहे, ते बघणारे डोळे काढायचे कसे? याचं उत्तर १९६१ ला लेनिनग्राडच्या पार्क पोबेदी स्टेशनात दुसऱ्याच कारणानं तयार झालं होतं. प्लॅटफॉर्मलाच भिंत आणि भिंतीत दारं, लोक त्याला आडवी लिफ्ट म्हणायचे. आपल्याकडच्या बिल्डिंगांतला लिफ्टमन कुठं गेला आठवा, दारं आपोआप लागायला लागली आणि त्याचं स्टूल गेलं.

फ्रान्सच्या लील शहरानं १९८३ ला या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, प्लॅटफॉर्मला दारं आणि गाडीत कोणीच नाही, रबरी टायरच्या दोन डब्यांच्या छोट्या गाड्या. पुढं १९९८ ला पॅरिसची १४ नंबर लाइन, २००३ ला सिंगापूर. आणि पॅरिसनं तर कमाल केली, १९०० सालची एक नंबर लाइन चालू ठेवूनच २०१२ च्या शेवटापर्यंत पूर्ण बिनड्रायव्हरची केली. चालू लेथवर जॉब धरणारा चक बदलण्यासारखं झालं हे.

आपल्याकडं दिल्लीच्या मजेंटा लाइनवर २८ डिसेंबर २०२० ला बिनड्रायव्हरची गाडी सुरू झाली. याच लाइनची एक रिकामी गाडी २०१७ ला, उद्घाटनाच्या आठवडाभर आधी, कालिंदी कुंज डेपोची भिंत फोडून बाहेर आली होती, आणि कारण काय तर ब्रेक सोडून ठेवले होते ते परत लावायला माणसं विसरली. मुंबईची अ‍ॅक्वा लाइन कुलाबा ते सीप्झ साडेतेहतीस किलोमीटर, २७ पैकी २६ स्टेशनं जमिनीखाली, ऑक्टोबर २०२५ ला पूर्ण सुरू झाली. गाड्या बिनड्रायव्हर धावू शकतील अशाच बनवल्यात, पण सुरुवात केबिनमध्ये पायलट ठेवूनच केली.

हे सगळं सांगून झाल्यावर आमचा गडी गप्प बसला. मी आधी एका शॉपमध्ये होतो, नाव नको, तिथं प्रॉडक्शन निघावं म्हणून मशीनच्या दाराच्या स्विचला वायरचा तुकडा जोडून ठेवायचे, दार उघडं असलं तरी मशीन फिरायचं, आणि एका पोराच्या भुवईत धातूची गरम चिप, म्हणजे कीस, घुसली होती. हे त्याला माहीत होतं. मग त्यानंच सांगितलं, दादरला कुणाच्या तरी सॅकचा पट्टा दारात अडकला तेव्हा दार परत उघडलं, लागलं, परत उघडलं, आणि पट्टा निघेपर्यंत गाडी जागची हलली नाही.