ड्रॅगनचे पाय मोजून पाहा

ड्रॅगनचं कुठलंही चित्र घ्या आणि त्याचे पाय मोजा. बहुतेक वेळा चार पाय आणि वर पाठीवर दोन पंख सापडतील, म्हणजे एकूण तीन जोड्या. जमिनीवर वावरलेल्या कणाधारी प्राण्यांत असा एकही झालेला नाही. पक्षी, वटवाघळं आणि डायनोसॉरच्या काळातले टेरोसॉर हे तिघं वेगवेगळ्या वाटांनी उडायला शिकले, पण तिघांचेही पंख पुढच्या पायांचेच बनले. चीनमध्ये सापडलेल्या आणि २०१५ मध्ये जगासमोर आलेल्या ‘यी ची’ या साधारण १६ कोटी वर्षांपूर्वीच्या चिमुकल्या डायनोसॉरला तर अंगावर पिसं आणि हाताला वटवाघळासारखा कातडी पडदा होता. तो ताणून धरायला मनगटापासून एक वेगळी काडी निघालेली. खऱ्याखुऱ्या ड्रॅगनच्या सर्वांत जवळ जाणारा प्राणी मला विचाराल, तर हाच. तोही चार अवयवांवर भागवणारा.

काल्पनिक जगं रचणाऱ्या लेखक-चित्रकारांनी नामशेष प्राण्यांच्या सांगाड्यांकडे जरूर वळावं, असं मला मनापासून वाटतं. नुसती शिंगं आणि सुळे उचलायला नव्हे. ते शरीर स्वतःचं वजन कसं पेलायचं, श्वास कसा घ्यायचं, पोट कशावर भरायचं, हे बघायला. रूप उचलण्याची परंपरा तशी जुनी आहे. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टजवळ चौदाव्या शतकात मिळालेली एक कवटी लोकांनी ड्रॅगनची मानली आणि पुढे तिथल्या ड्रॅगनच्या पुतळ्याचं डोकं तिच्यावरून घडवलं गेलं. ती कवटी होती हिमयुगातल्या लोकरी गेंड्याची.

समजा, कथेत माणसाला पाठीवर घेऊन उडणारा प्राणी हवा आहे. मग क्वेट्झलकोॲट्लस या महाकाय टेरोसॉरपासून सुरुवात करू. डग्लस लॉसन या विद्यार्थ्याला १९७१ मध्ये टेक्सासच्या बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात याच्या पंखाचं हाड मिळालं. पंखविस्तार १० ते ११ मीटर. जमिनीवर उभा राहिला की उंची जिराफाच्या बरोबरीची. एवढा मोठा पंख हाताच्या फक्त एका, चौथ्या बोटावर ताणलेला असे. बाकीची तीन बोटं आखूड. चालताना तो पंख मिटून उभा धरायचा आणि हात टेकून चारी पायांनी चालायचा. टेरोसॉरच्या पाऊलखुणांवरून ही चाल स्पष्ट दिसते. चोच लांब, दात अजिबात नाहीत. करकोच्यासारखा मोकळ्या रानात फिरत लहानसहान जीव टिपून तो गिळत असावा, असं बरेच अभ्यासक मानतात.

आणि वजन? हाडं आतून पोकळ, भिंती अतिशय पातळ, त्यामुळे २०० ते २५० किलोच्या आसपास, असा अंदाज आहे. एवढं धूड हवेत उठणार कसं, यावर बराच वाद झाला. पक्षी मागच्या पायांनी उडी मारतात. टेरोसॉर मात्र पुढच्या हातांनी जमीन रेटून उसळत असावेत, असं एक मत आहे आणि मला ते पटतं, कारण उडण्यासाठी लागणारे ताकदवान स्नायू त्या हातांतच होते.

आता त्यावर ६० किलोचा स्वार बसवा. प्राण्याच्या वजनात एकदम पावपट भर. प्राणी मोठा केला की काम भागेल असं वाटतं, पण तसं होत नाही. लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली तर वजन आठपट होतं, हाडांची आणि स्नायूंची ताकद मात्र चौपटच वाढते. गॅलिलिओने १६३८ मध्येच हा हिशेब मांडून ठेवला आहे. तेव्हा स्वार तरी लहान चणीचे करा, नाहीतर त्या जगाचं गुरुत्वाकर्षण कमी करा. हवा दाट केली तरी चालेल. यातलं काहीही निवडलं की त्या जगातली झाडं, पाऊस, माणसांच्या उड्या, सगळंच बदलायला लागतं. मला यातली खरी गंमत तिथे वाटते.

महाकाय किड्यांचंही तसंच. साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी मेगान्युरा हा चतुराचा नातलग सुमारे ६५ ते ७० सेंटिमीटर पंखविस्तार घेऊन उडत होता. कीटकांच्या अंगात हवा बारीक नळ्यांमधून थेट पेशींपर्यंत जाते आणि शरीर वाढलं की ही व्यवस्था अपुरी पडते. त्या काळी हवेत ऑक्सिजन आजच्या २१ टक्क्यांहून बराच जास्त, कदाचित ३० टक्क्यांपर्यंत होता आणि त्याचा आधार या आकाराला मिळाला असावा. एवढंच कारण पुरेसं नाही, असंही काही जण म्हणतात. पण तुमच्या जगात असे किडे सोडणार असाल तर वणव्यांचाही विचार करा. जास्त ऑक्सिजनच्या हवेत ओलसर झाडोराही पेट घेतो. त्या काळच्या खडकांत कोळपलेल्या लाकडाचे अवशेष मिळतात. तिथली गावं लाकडी घरांची कशी असतील?

जीवाश्म हाती असूनही चूक होते, हेही लक्षात असू द्या. कॅनडातल्या बर्जेस शेल या जीवाश्मांनी भरलेल्या खडकांमधल्या हॅलुसिजेनिया या अळीसारख्या, काटेरी समुद्री जीवाचं १९७७ मध्ये केलेलं चित्र चक्क उलटं होतं. पाठीवरचे काटे पाय समजले गेले. १९९१ मध्ये ते सुलटं झालं आणि डोकं नेमकं कुठल्या टोकाला, हे नक्की व्हायला २०१५ उजाडलं.

पुन्हा आपल्या उडत्या वाहनाकडे. त्याची पिल्लं कशी असतील, हा प्रश्न कथांमध्ये फारसा कुणी विचारत नाही. टेरोसॉरची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर फार लवकर, कदाचित लगेचच उडू शकत असावीत, असं काही संशोधक हाडांच्या मजबुतीवरून सांगतात. तसं असेल तर घरट्यातलं असहाय पिल्लू उचलून, भरवून, माणसाळवून स्वार होण्याचा नेहमीचा प्रसंग इथे लागू पडणार नाही. स्वाराला आधी उडतं पिल्लू पकडावं लागेल आणि ते पाठीवर माणूस घेण्याइतकं मोठं होईपर्यंत, कित्येक वर्षं, ते उडून जाणार नाही अशी काहीतरी सोय करावी लागेल.