नाशिकची खाद्यफेरी

खाद्यफेरी (फूड वॉक) : जुन्या शहराच्या गल्ल्यांतून वाटाड्याबरोबर पायी हिंडत, तिथले खाणे चाखत शहर समजून घेण्याचा उपक्रम. गट लहान असतो, चाल दोन-तीन किलोमीटरची, वेळ अडीच-तीन तासांचा. पाच-सहा थांब्यांवर थोडे थोडे खायचे आणि त्या खाण्यामागची पेठ, माणसे व रीतभात ऐकायची, असे तिचे स्वरूप असते. खाण्याचा खर्च बहुधा फेरीच्या शुल्कातच धरलेला असतो. वारसाफेरीत वास्तू मुख्य असते आणि चहा-नाश्ता वाटेत होतो. खाद्यफेरीत याच्या उलट व्हावे अशी अपेक्षा असते. पण नाशिकच्या गावठाणात वाडे, घाट, देवळे, भांड्यांची दुकाने आणि कढया इतक्या लगत आहेत की एकाला वगळून दुसऱ्याकडे जाताच येत नाही.

जुने नाशिक गोदावरीच्या उजव्या तीरावर टेकड्यांवर वसले आहे. जुनी गढी, डिंगरअळी, म्हसरूळ टेक, चित्रघंटा ही त्यांपैकी काही नावे. जुन्या गढीवर १९५०–५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. त्यात इसवी सनापूर्वीच्या वस्तीचे अवशेष सापडले. चढउताराच्या या अरुंद बोळांत चारचाकी शिरत नाही, दुचाकीही अडते. मोगल काळात गुलशनाबाद म्हटल्या गेलेल्या या शहराला पेशवाईत पुन्हा भरभराट आली. सरकारवाडा, सुंदरनारायण, नारोशंकराचे देऊळ, काळाराम मंदिर ही ठळक बांधकामे त्याच काळातली. सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल, दूध बाजार, तांबट लेन या नावांवरूनच फेरीचा निम्मा नकाशा तयार होतो. इथे बाजार वाढला तो तीर्थक्षेत्रामुळे. रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूला स्नानानंतर पोटभर खायला हवे, उपवास असेल तर फराळ हवा आणि परतीच्या वाटेवर टिकेल असे काही बांधून न्यायला हवे. नाशिकच्या खाण्याची घडण या तीन गरजांवरून बरीचशी उलगडते, आणि चांगला वाटाड्या फेरीची सुरुवात त्यांच्यापासूनच करतो.

सकाळच्या फेरीत मिसळ असतेच. मोड आलेली मटकी, वर शेव-फरसाण, चिरलेला कांदा, लिंबू, पाव, शेजारी पापड आणि दही असे ताट समोर येते. मिसळीची खरी ओळख मात्र रश्श्यात असते. खोबरे व कांदा चांगला काळपट भाजून, खड्या मसाल्यांबरोबर वाटून केलेला काळ्या मसाल्याचा रस्सा ही नाशिकच्या अनेक जुन्या ठिकाणांची खूण आहे. रंगाने तो भीती घालतो, पण तिखटापेक्षा भाजणीचा खमंगपणा त्यात अधिक असतो. तर्री वेगळी मागता येते आणि रस्सा पुन्हा वाढला जातो. पंचवटी कारंजावरची अंबिका, मेन रोडवरचे भगवंतराव ही नावे शहरात सर्वांना ठाऊक आहेत. गंगापूर रोडच्या परिसरात शेतमळ्यांत, झाडांखाली मांडलेल्या मिसळीची नवी पद्धतही रुजली आहे. ती मजेची आहे, पण तिथे गाडीने जावे लागते, त्यामुळे ती पायी फेरीत बसत नाही. एका सकाळी एकच मिसळ घ्यावी. तीन ठिकाणच्या मिसळींची तुलना करायला निघालेला गट दुसऱ्या ताटानंतर काही चाखण्याच्या स्थितीत राहत नाही, आणि पुढचे सगळे थांबे वाया जातात.

मिसळीनंतर जिलेबी हा क्रम नाशिककरांच्या अंगवळणी पडलेला आहे. जुन्या बाजारपेठेतल्या बुधा हलवाईची जिलेबी त्यासाठी प्रसिद्ध आहे. जिलेबी कढईजवळ उभे राहूनच खावी. पुडा बांधून नेली की तिचा कुरकुरीतपणा जातो. मेन रोडवरच्या सायंतारा येथील साबुदाणा वडा हा उपवासाच्या खाण्यातला ठरलेला थांबा. चैत्र शुद्ध एकादशीला निघणाऱ्या रामरथ व गरुडरथाच्या दिवशी शहराचा उपवास असतो. त्या दिवशी साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी यांचा विचार करूनच फेरी आखावी लागते.

चिवडा हा बांधून न्यायचा पदार्थ. तळलेल्या कांद्या-लसणाचा मसालेदार नाशिक चिवडा कोंडाजी आणि माकाजी या नावांनी महाराष्ट्रभर पोहोचला. तो पुड्यातून तसाच खाल्ला तर चव अर्धीच कळते. वर कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबू पिळले की तो खरा खुलतो, म्हणून थांब्यावर त्याच रीतीने द्यावा. इथून भांडी बाजारात उतरावे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाशिक जुन्या काळापासून नावाजलेले आहे. जिलेबीची परात, दुधाची कढई, बंब, घंघाळ, पूजेची ताम्हणे दुकानांच्या दारांत रचलेली दिसतात. खाद्यफेरीने इथे घाईने पुढे जाणे चुकीचे ठरेल, कारण आधी जे खाल्ले ते ज्यात शिजते ती भांडी घडवणाऱ्या हातांचा हा बाजार आहे.

संध्याकाळची फेरी वेगळी असते. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात, आणि ‘गंगेवर जाऊ’ यात भेळभत्ता खाणे गृहीत असते. भत्ता म्हणजे मुरमुरे, शेव, फुटाणे, शेंगदाणे आणि मसाला यांचे कोरडे मिश्रण. वर कांदा, जोडीला तळलेली मिरची. पाववड्यात पावाला चीर देऊन बटाट्याची भाजी भरतात आणि अख्खा पाव बेसनात बुडवून तळतात. बाहेरचे लोक यालाच उलटा वडापाव म्हणतात. बुधवारी घाटाजवळ आठवडे बाजार भरतो. पावसाळ्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या आदिवासी भागांतून रानभाज्या शहराच्या बाजारांत येतात, उन्हाळ्याच्या अखेरीस करवंदे-जांभळे. नागलीची (नाचणीची) भाकरी याच डोंगराळ पट्ट्यातली. द्राक्षे फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड-दिंडोरीकडून येतात. वाइनच्या सहली मात्र शहराबाहेरच्या मळ्यांत होतात आणि त्यांचा गावठाणाशी संबंध नाही.

भद्रकाली, चौक मंडई आणि दूध बाजाराकडचा भाग पुष्कळ फेऱ्यांत गाळला जातो. ही उणीव आहे. रमजानच्या संध्याकाळी इथे कबाब, फळे, खजूर, शेवया यांची दुकाने लागतात आणि रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते. पिंजार घाटावरचा बडा दर्गा आणि काळाराम मंदिर यांच्यातले अंतर सहज चालण्याजोगे आहे. फक्त शाकाहारी व फक्त तीर्थाचे नाशिक दाखवणारी फेरी शहराची खरी ओळख करून देत नाही. काळाराम मंदिरापाशी थांबल्यावरही केवळ प्रसादाबद्दल बोलू नये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला मंदिरप्रवेश सत्याग्रह इथलाच. कोणाच्या हातचे कोणी खायचे, कोणत्या पाणवठ्यावर कोणी जायचे, या प्रश्नांशी तो जोडलेला होता, म्हणून खाण्याची गोष्ट सांगणाऱ्याला तो टाळता येत नाही.

काही पथ्ये वाटाड्याने आधीच सांगावीत. रामकुंडावर अस्थिविसर्जन आणि श्राद्धविधी चालू असतात. तिथे हातात खाण्याची बशी घेऊन जाऊ नये आणि विधीला बसलेल्यांची छायाचित्रे काढू नयेत. दुकानासमोर गटाने गल्ला अडवू नये. रोजच्या गिऱ्हाइकाला आधी वाट द्यावी. कांदा-लसूण न खाणारे, शेंगदाणा न चालणारे, उपवासाचे कोण आहेत हे निघण्यापूर्वी विचारावे. पावसाळ्यात निघताना दुतोंड्या मारुतीची खबर घ्यावी: गोदाघाटावरच्या या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात, आणि मोठ्या पुरात भांडी बाजार व सराफ बाजारातही पाणी शिरते. रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंग खेळण्याचे जमिनीतले हौद, उघडतात तेव्हा तिवंधा आणि दहीपुलाजवळून फेरी नेणे शक्य नसते. २०१५ नंतरचा सिंहस्थ कुंभमेळा २०२६–२८ या काळातला. त्यातल्या पर्वणीच्या दिवशी घाटाकडे फेरी नेऊ नये. गर्दीचा ओघ पाहता त्या दिवसांपुरते थांबे घाटापासून दूरच्या भागात ठेवणेच योग्य.