बालागान: जत्रेतून घरात शिरलेला शब्द

तेल अवीवमधल्या एखाद्या घरात मुलांच्या खोलीचं दार उघडलं की आई म्हणते, 'एझे बालागान!' म्हणजे 'काय हा पसारा!' रस्त्यात गाड्या अडकल्या, कचेरीत कागद हरवले, आघाडी सरकार डळमळलं, तरी शब्द हाच.

आजच्या हिब्रूत इतका मुरलेला हा शब्द मूळचा हिब्रू नाहीच. बायबलच्या हिब्रूत अव्यवस्थेला झकास शब्द आहे, 'तोहू वावोहू'. उत्पत्तीच्या पुस्तकात दुसऱ्याच वचनात पृथ्वी तशी होती असं म्हटलंय. पण मोज्यांच्या ढिगाऱ्याला तो जरा जडच पडतो.

बालागानचं मूळ बहुतेक कोशकार फारसी 'बालाखाना'त शोधतात. बालेकिल्ल्यातला 'बाला' आणि दवाखान्यातला 'खाना', म्हणजे वरची खोली. तुर्की वळणाच्या भाषांमधून तो रशियनमध्ये गेला आणि तिथे त्याचा अर्थ झाला फळ्या ठोकून उभारलेलं तात्पुरतं खोपट. एकोणिसाव्या शतकात सेंट पीटर्सबर्गमध्ये, ईस्टरआधीचे लेंटचे उपास सुरू होण्यापूर्वीच्या मास्लेनित्सा या सणाच्या आठवड्यात, अशी खोपटं ओळीनं उभी राहत. आत बाहुल्या, विदूषक, मारामारीची नाटकं. बाहेर सज्जात उभा राहून खोटी दाढी लावलेला म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्यांची टिंगल करत गिऱ्हाइकं ओढायचा. त्या गलक्यावरून 'बालागान' म्हणजे सवंग नाटक, आणि पुढे नुसताच सावळागोंधळ.

मराठी माणसाला हे वळण समजावून सांगावं लागत नाही. गोंधळ म्हणजे आधी संबळ-तुणतुण्यावरचं देवीचं जागरण, तमाशा म्हणजे फड; आणि आपण वैतागलो की म्हणतो, 'काय गोंधळ घातलाय!', 'तमाशा करू नकोस!' रशियनांनी वेगळं काही केलं नाही.

एलिएझेर बेन येहुदा 1881 मध्ये जेरुसलेमला आले आणि बोलत्या हिब्रूसाठी जुन्या धातूंतून नवे शब्द घडवत बसले. बालागान मात्र कोणी घडवला नाही. 1904 ते 1914 या काळात पॅलेस्टाइनला आलेले ज्यू मुख्यतः रशियन साम्राज्यातले. घरात यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली, बाहेर रशियन. यिडिशमध्येही हा शब्द होताच. तो सामानाबरोबर आला.

खरी गंमत त्यापुढची आहे. हिब्रूत धातू म्हणजे नुसती व्यंजनं, स्वर साच्याप्रमाणे बदलतात. तिनं या पाहुण्यातून ब-ल-ग-न अशी चार व्यंजनं काढली आणि त्यांना अस्सल धातूसारखं चालवलं (ब चा काही ठिकाणी व होतो): 'लेवालगेन' म्हणजे पसारा करणं, 'मेवुलगान' म्हणजे विस्कटलेलं. 'सेदेर' म्हणजे शिस्त, त्यावरून 'मेसुदार' म्हणजे नीटनेटकं. मेवुलगान त्याच साच्यात बसतो. पसारा करणाऱ्या माणसाला 'बालागानिस्त' म्हणतात. त्यातला 'इस्त' मात्र अजून परदेशीच आहे.