पंचवटी ते सातपूर, व्हाया भाजीबाजार

नाशिकच्या पंचवटीत राहणारी आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचे काम करणारी एखादी महिला सकाळी घराबाहेर पडते, तेव्हा ती थेट कारखान्यात जात नाही. मुलाला पाळणाघरात सोडायचे, शेअर रिक्षाने सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, गाठायचे, मग सातपूरची बस धरायची. परतताना सासूबाईंची औषधे आणि भाजी घेऊन, दोन्ही हातांत पिशव्या असताना मुलाला कडेवर घ्यायचे. त्याच वसाहतीत कामाला असलेला तिचा नवरा बहुधा मोटारसायकलला किक मारतो आणि थेट गेटवर उतरतो.

वाहतूकशास्त्रात अशा तुकड्यातुकड्यांच्या प्रवासाला साखळी-प्रवास म्हणतात आणि त्याचे मूळ घरकामाच्या वाटणीत आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जात होती, तर असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली खरी, पण ती पुरुषांनी उचलली असे या आकड्यांवरून तरी दिसत नाही.

मुख्य अडचण मोजणीत आहे. २०११ च्या जनगणनेत प्रवासाचे अंतर आणि साधन विचारले गेले, ते कामावर जाणाऱ्यांपुरतेच. त्यामुळे दवाखाना, शाळा, बाजार यांच्या फेऱ्या त्या कोष्टकांत उमटल्याच नाहीत. अशा आकड्यांवर वेळापत्रक बेतले, की सकाळ-संध्याकाळ बस भरपूर आणि दुपारी थांब्यावर शुकशुकाट, असे होणारच. शिवाय प्रत्येक टप्प्याला नवे तिकीट काढावे लागले, तर साखळी जितकी लांब तितका भुर्दंड जास्त. ठरावीक वेळेत बस बदलल्यास तेच तिकीट चालणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहराने स्त्रियांचा दिनक्रम विचारून पदपथ रुंद केले आणि दिवे वाढवले. आपल्याकडेही मापे लिहिलेली आहेत: रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये रस्त्यांची कामे काढताना पाळणाघरापासून बसथांब्यापर्यंतच्या वाटेवर टेप धरून पाहिली, तर कडेवर मूल असलेल्या बाईला रस्त्यावर नेमके कुठे उतरावे लागते, ते तासाभरात कळेल.